वळसा

साल १९७४. चैत्र सरत आला होता. संध्याकाळी हे घरी आले ते बूट न काढताच पायरीवर बसले. खाकी सदऱ्याची पाठ घामानं काळी झालेली. मी पाण्याचा तांब्या पुढं केला. तो त्यांनी घेतला आणि न पिता तसाच हातात धरून ठेवला.

"आज परत एक आलं," म्हणाले.

"काय आलं?"

"माणूस. माझ्यापुढं दुसरं काय येणार? बाजारातनं बाहेर पडलो, गाडी जरा चालीला लागली, तोवर एक गडी मागच्याशी बोलत बोलत उलटा चालत रस्त्यात. तोंड तिकडं, पाठ माझ्याकडं. हॉर्न दिला तर हात वर करून मलाच म्हणतो, थांब की जरा."

"मग?"

"मग थांबलो. त्याच्या टोपीचा मळ दिसला मला, एवढा थांबलो."

हे सूतगिरणीची बस चालवायचे. गाडी रात्री आमच्या गावातच, देवळामागं उभी असायची. पहाटे पलीकडच्या वाड्यांवरची माणसं गोळा करून हे परत गावावरनं जायचे आणि पहिल्या पाळीच्या भोंग्याआधी सगळ्यांना गिरणीच्या दारात उतरवायचे. गावाबाहेर चिंचेपाशी तीन रस्ते मिळत. त्या जागेला सगळे तिकटी म्हणत. तिकटीवर आले की हे दोनदा बारीक हॉर्न द्यायचे. संध्याकाळी त्या हॉर्नवर मी चहा ठेवायची. सकाळच्या हॉर्नला काही काम नव्हतं. तो नुसताच माझ्यासाठी होता. लग्नाला सहा-सात वर्षं झाली होती, पदरात एक मुलगा, एक मुलगी होती, तरी तो ऐकून मला चुलीपाशी हसू यायचं.

यांनी उभ्या आयुष्यात गाडीखाली कोंबडीसुद्धा घेतली नव्हती. पण त्या महिन्यात कुणास ठाऊक काय झालं होतं. आधी एक म्हातारी शेळीमागं पळत मधे आली. मग एका लग्नातली बाई, पलीकडं बहीण दिसली म्हणून, डोक्यावरची दुरडी सावरत सरळ बसपुढं. प्रत्येक वेळी ब्रेक लागला, प्रत्येक वेळी माणूस वाचला, आणि प्रत्येक वेळी गाडीतली माणसं एकमेकांवर आपटली. कुणाचं नाक फुटलं, कुणाचा डबा सांडला. तक्रार गिरणीत गेली. गाड्यांवरच्या भोसेकर साहेबांनी यांना बोलावून सांगितलं, आणखी एकदा असं झालं तर स्टेअरिंग सोडायचं आणि गोदामात कापसाच्या गाठी उचलायच्या.

"गाठींचं काय नाही," हे त्या संध्याकाळी म्हणाले. "पाठ आहे अजून. पण गाडी गेली तर मला कोण ओळखणार? हौसाबाईचा रंगा म्हणूनच मरायचं."

हौसाबाई म्हणजे माझ्या सासूबाई. मी त्यांना आत्याबाई म्हणायची. त्या आत सुपात डाळ पाखडत होत्या.

"हौसाबाईचा रंगा म्हून मेलास तर काय वंगाळ हाय?" आतनंच म्हणाल्या. "तुला नजर लागलीया."

"कुणाची? म्हशीची?"

"हस. माणूस काय उगंच येतं व्हय चाकाम्होरं? त्यास्नी कुणीतरी आणतंय."

"त्यांना त्यांचं डोकं आणतंय, आई. खाली बघून चालतात."

आत्याबाईंनी सूप खाली ठेवलं. यांच्या हाताकडं बघितलं. तांब्या अजून तसाच भरलेला होता. मग सूप परत उचललं.

एवढ्यात शालन आली. तानूबाईची धाकटी लेक, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. तानूबाईचं घर आमच्या भिंतीला भिंत लावून, त्यामुळे शालन दिवसातनं चारदा काहीतरी मागायला यायची. तेव्हा चिंच हवी होती.

"रंगूदादा, मला एकदा तुमच्या गाडीतनं गिरणी दाखवा की."

"तुला घेतलं तर दोन माणसांची जागा जाईल," हे म्हणाले. आल्यापासून पहिल्यांदा हसले.

"बघा मावशी, कसे बोलत्यात."

"त्येच्याकडं ध्यान देऊ नको. हिकडं ये." आत्याबाईंनी तिला उंबऱ्याच्या आत बसवलं आणि पोटावर हात फिरवला. गावातली निम्मी पोरं त्यांच्या हातावर जन्मलेली. त्यांच्या तळव्याला आतलं बाळ कुठं डोकं टेकून आहे ते कळायचं. "चालतीस का न्हाई रोज?"

"चालते. सकाळी डेअरीला दूध मीच घेऊन जाते."

"जायाचं. चालल्यावर सुटका लवकर हुती. आन् काय सांगिटलं ते ध्यानात हाय न्हवं? दावं वलांडायचं न्हाई. भर दुपारचं चिंचंखाली बसायचं न्हाई. वाटंत कुणाचा उतारा पडला आसंल, लिंबू, भात, काय बी, तर त्येच्यावरनं जायाचं न्हाई. लांबनं वळसा घालायचा. पोटुशा बाईला ते पैलं धरतं."

"आणि गरणात घराबाहेर पडायचं न्हाई, भाजी चिरायची न्हाई, सुईत दोरा घालायचा न्हाई." शालननं बोटांवर मोजत म्हटलं. "मावशी, त्यापेक्षा काय करायचं तेवढं सांगा. ते थोडं असंल."

आम्ही सगळे हसलो. ती चिंच घेऊन गेली. दारातनं यांना म्हणाली, "दादा, पोरगा झाला तर त्याला ड्रायव्हर करीन."

"नको," हे म्हणाले. "कंडक्टर कर. मागं बसलं की पुढचं दिसत नाही."

दोनच दिवसांनी अमावास्या होती. कडुसं पडायला आत्याबाईंनी पत्रावळीवर दहीभात घेतला. त्यावर कुंकू, गुलाल, लाल मिरच्या, एक बिब्बा आणि कापलेलं लिंबू. यांचा एक जुना खाकी सदरा मी फडक्यासाठी फाडून ठेवला होता. त्यातली एक चिंधी घेऊन त्यांनी भातावर ठेवली. यांना पाटावर बसवलं.

"आई, हे काय चालवलंयस? कुणी गाडीतलं बघितलं तर हसतील."

"हसू देत. गप बस."

डोक्यापासून पायापर्यंत त्यांनी पत्रावळ तीनदा उतरवली. ओठ हलत होते, शब्द ऐकू येत नव्हते. मग पदर डोक्यावरनं पुढं ओढून घेतला आणि पत्रावळ झाकून बाहेर पडल्या. जाताना बोलायचं नसतं. ठेवून आल्यावर मागं वळून बघायचं नसतं, आणि कुठं ठेवलं हे कुणी विचारायचं नसतं. मी दारात पाण्याची घागर ठेवली. उताऱ्याहून येणाऱ्यानं पाय धुतल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही, ही त्यांचीच शिकवण.

त्या परत आल्या तेव्हा चेहरा मोकळा होता. पाय धुतले, आत आल्या आणि यांच्या पाठीवरनं हात फिरवला. लहान मुलाच्या फिरवावा तसा.

"जा आता. नीज निवांत."

आणि खरंच, महिनाभरानं हे त्या रात्री झोपले. झोपेत पाय ब्रेक दाबल्यासारखा झटकायचे, तो त्या रात्री हलला नाही. सकाळी जाताना शीळ घालत गेले.

मी भाकरी थापत होते. गाडी वाड्यांकडनं परत येताना लांबून आवाज आला. आता हॉर्न होईल म्हणून हात थांबवला. हॉर्न झाला, पण बारीक नाही. लांबलचक, मोठा. आणि त्यावर ब्रेकचा आवाज. पत्रा फाडावा तसा.

मी तव्यावरची भाकरी तशीच टाकून पळाले.

गाडी तिकटीवर आडवी उभी होती. पुढचं चाक पलीकडच्या चरीत उतरलेलं. माणसं भराभरा खाली उतरत होती. आणि रस्त्यावर, बसच्या तोंडापासून वीतभरावर, शालन बसलेली. किटली लवंडून दूध डांबरावरनं वाहत चाललं होतं. तिनं दोन्ही हात पोटावर धरले होते.

"लागलं न्हाई, लागलं न्हाई," क्लीनर महिपती सगळ्यांना सांगत होता. "चाक हितं, बाई हितं. शिवलीसुदिक न्हाई गाडी. दादांनी मुंडी पिरगाळल्यावानी फिरवली. दुसरा कुणी आसता तर…"

"थोडक्यात वाचली," कुणीतरी म्हणालं. "दोन जीव वाचले."

लोक यांच्या पाठीवर थापा मारत होते. नाक फुटलेला एक गिरणी कामगार, शर्टाच्या बाहीनं रक्त पुसत, तोही म्हणाला, "रंगराव, मानलं." यांचं तिकडं लक्षच नव्हतं. हे शालनपुढं उकिडवे बसले होते.

"शालू. का आलीस गं मधे? कडेनं चालली होतीस की. मी बघत होतो तुला लांबनं."

शालन धापा टाकत होती. तिनं नुसता हात केला, मागं, रस्त्याच्या कडेला, चिंचेच्या बुंध्याकडं.

हे उठले आणि तिकडं गेले. आमच्याकडं पाठ करून उभे राहिले. महिपतीनं हाक मारली तरी वळले नाहीत. मग खाली वाकले.

"रंगराव, हात लावू नका त्याला," एक म्हातारा ओरडला. "शिवू नका."

परत आले तेव्हा त्यांचा उजवा हात खिशात होता.

"हिला गाडीत घ्या," म्हणाले. "तालुक्याला नेतो. डॉक्टरनं बघू दे."

तोवर तानूबाई आली होती. तिनं शालनला उभी केली, झटकली, चार पावलं चालवून बघितली.

"चालतीया की चांगली. डाक्टर कशाला? बसली नुसती धपकन."

"काकी, माझं ऐका. नेतो. अर्ध्या तासाचं काम."

"आरं बाबा, तुझा भोंगा हुईल. एवढी माणसं खोळंबली. जा तू. हौसाबाई हायती की बघायला."

हे अजून विनवत होते. माणसं घड्याळं बघायला लागली. शेवटी चौघा-पाचजणांनी धक्का देऊन चाक वर काढलं आणि बस गेली. आमच्या पंचक्रोशीत दिवसाउजेडी मिळणारी तेवढीच गाडी.

दुपारी शालनच्या कमरेत कळ आली. सातवा महिना होता. आत्याबाई गेल्या, मला पाणी तापवायला बरोबर घेऊन. तालुक्याला न्यायला बैलगाडी जुंपेपर्यंत नेण्यासारखं काही राहिलं नव्हतं. आत्याबाईंनी आपल्या हातांनी ते बाळ बाहेर घेतलं. मुलगा होता. रडला नाही. त्यांनी त्याला पालथा घेतला, तळपायावर टिचक्या मारल्या, तोंडात फुंकर घातली, पुन्हा पुन्हा. मग फडक्यात गुंडाळून तानूबाईच्या ओटीत ठेवला.

शालन छताकडं बघत होती. आवाज अगदी साधा होता, हिशेब जुळत नाही म्हणून विचारावं तसा.

"मावशी, मी काय चुकले न्हाई."

"न्हाई बाळ. गप पड."

"तुम्ही सांगितलं तसंच केलं. तिकटीवर कुणीतरी उतारा टाकला हुता. अगदी कडेला, वाटंवरच. भात, लिंबू, खाकी चिंधी. एका अंगाला चिंचंचं खोड. माझं सगळं ध्यान त्याच्याकडं. हॉर्न ऐकला, पण म्हटलं आधी ह्यातनं सुटू. मी वलांडलं न्हाई मावशी. लांबनं वळसा घातला. मग माझ्या बाळाला काय लागलं?"

आत्याबाई तिचे पाय पुसत होत्या. हात थांबले. मी चुलीपाशी होते. त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही, शालनकडंही नाही. फडकं पुन्हा पाण्यात बुडवलं, पिळलं, पुन्हा पुसायला लागल्या.

"मावशी?"

"न्हाई चुकलीस," त्या म्हणाल्या.

संध्याकाळी बस आली ती हॉर्न न देता. यांना कुणीतरी गिरणीतच सांगितलं होतं. चहा घेतला नाही. दिवा लागला तरी पायरीवर बसून राहिले. आत्याबाई परसात हात धूत होत्या. राख लावून धूत होत्या, पुन्हा लावत होत्या. मग आल्या आणि मायलेक समोरासमोर उभे राहिले. मला वाटलं, आता काहीतरी होणार. मी भिंतीला टेकले.

"आई," हे म्हणाले, "जेवून घे."

एवढंच. त्यावर त्या दोघांत त्या दिवसाविषयी कधीही एक शब्द झाला नाही.

सकाळी मी यांचा सदरा धुवायला घेतला. खिशात सुकलेलं लिंबू होतं आणि खाकी चिंधी. चिंधी मी चुलीत घातली. खिशाला लागलेला गुलाल मात्र कितीही घासला तरी गेला नाही.

त्या दिवशी यांनी वाड्यांवरची माणसं घेतली, तिकटीपर्यंत आले आणि गाडी थांबवली. महिपती सांगत होता, इंजिन चालू, हात स्टेअरिंगवर, पण पाय ब्रेकवरनं उठेना. शेवटी महिपतीनंच गाडी गिरणीत नेली. दुसऱ्या दिवशी भोसेकर साहेब जीपनं घरी आले. मी त्यांना खुर्ची दिली.

"रंगराव, हे काय ऐकतोय? अहो, तुमचं नाव झालंय गिरणीत. मागचं सगळं मिटलं. तक्रार नाही, चौकशी नाही. बाईला गाडीचा धक्कासुद्धा लागला नाही."

"नाही लागला," हे म्हणाले.

"मग? गाडी तुमचीच आहे."

"साहेब, मला गाठी द्या."

साहेबांनी माझ्याकडं बघितलं. आत्याबाई आतल्या दारात उभ्या होत्या, त्यांच्याकडं बघितलं. मी चहा ठेवायला आत गेले.

महिपती त्या बसचा ड्रायव्हर झाला आणि गिरणी बंद पडेपर्यंत राहिला. तिकटीवर तो हॉर्न द्यायचा, पण कुणासाठी म्हणून नाही. मी ऐकायची आणि भाकरी थापायची.

शालन सासरी गेली. पुन्हा दिवस गेले नाहीत. नवऱ्यानं दुसरी केली, तेव्हा तानूबाईकडं परत आली. आमच्या घरी येणं तिनं सोडलं नाही. आत्याबाई तिला कधी रिकाम्या हातानं जाऊ देत नसत. चिंच, शेंगा, चटणी, काहीतरी पदरात घालायच्याच. तिला वाटायचं, मावशीचा जीव आहे आपल्यावर. तो होताच.

आत्याबाईंनी पुन्हा कुणाचं बाळंतपण केलं नाही. बायका पोट दाखवायला यायच्या, तर म्हणायच्या, "मला काय कळतंय? डाक्टरकडं जावा." काय खावं, काय टाळावं, एक गोष्ट सांगत नसत. चारेक वर्षांनी गेल्या. शेवटच्या आजारात यांनी त्यांचं सगळं केलं. न्हाऊमाखू घालणं, भरवणंसुद्धा. मला हात लावू दिला नाही.

हे गोदामात गाठी उचलत राहिले. आणि आणखी एक काम यांनी स्वतःच्या मनानं लावून घेतलं. अमावास्या झाली की दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत तिकटीवर जायचे आणि रस्त्याच्या कडेला पडलेले सगळे उतारे हातानं उचलून आत ओढ्यात नेऊन टाकायचे. गावानं आधी अडवलं, मग वेडा ठरवला, मग भ्यायला लागलं. लोकांनी उतरवून टाकलेलं सगळं हा अंगावर घेतो म्हणायचे. आमच्या घरचं पाणी कुणी पिईना. लेकीचं दोनदा जमत आलेलं मोडलं. शेवटी फार लांब दिली, जिथं आम्हाला कुणी ओळखत नव्हतं. ती फारशी येत नाही. मी एकदाच म्हटलं, "अहो, पोरीसाठी तरी सोडा." म्हणाले, "सोडतो." पुढच्या अमावास्येला पुन्हा गेले.

आत्याबाई होत्या तोवर त्या पहाटे त्याच आधी उठायच्या. दारात पाण्याची घागर भरून ठेवायच्या आणि आत जाऊन बसायच्या. हे यायचे, पाय धुवायचे, मग उंबरा ओलांडायचे. कुठं गेला होतास, हे त्यांनी विचारलं नाही. त्यांच्या मागं घागर मी ठेवायला लागले. हे गेले त्यालाही आता बरीच वर्षं झाली. त्या दिवशी शालन आमच्याकडं दिवसभर बसून होती. येईल त्याला सांगत होती, "दादांची गाडी मला लागलीच न्हवती."

मी आता लेकाकडं शहरात असते. मागच्या वर्षी गावी गेले तेव्हा रिक्षानं तिकटीवर सोडलं. चिंच तोडली आहे, रस्ता चौपदरी झाला आहे. आदल्या दिवशी अमावास्या असावी. कडेला पत्रावळ होती. भात, लिंबू, एक बाहुली. एक तरुण बाई पोराचं बोट धरून आली, ते बघून थबकली आणि पोराला ओढत रस्त्यात शिरली. एक टेम्पो करकचून थांबला. ड्रायव्हर खिडकीतनं तिला शिव्या घालत होता. तिचं त्याच्याकडं लक्षही नव्हतं. ती पोराच्या पायांकडं बघत होती.

टेम्पो गेला. मी पत्रावळीपाशी उभी राहिले. वाकून उचलावी म्हटलं, तर गुडघे वाकेनात. काठीनं ढकलायला गेले तशी ती बाई पलीकडनं मला म्हणाली,

"आजी, शिवू नका तेला. वळसा घालून या."